काचपेटीशेजारी एक पाटी हवी

असिसीतल्या एका चर्चमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये एका मुलाची कबर लोकांसाठी खुली झाली. काचेआड जीन्स, जॅकेट आणि नाइकीचे बूट घातलेला कार्लो अकुतिस शांत झोपल्यासारखा दिसत होता. ल्युकेमियानं तो २००६ मध्ये, पंधराव्या वर्षीच गेला होता. फोटो बाहेर पडायचा अवकाश, चौदा वर्षांनंतरही देह जसाच्या तसा असल्याची बातमी जगभर झाली. असिसीच्या बिशपांनी खुलासा केला: देह अखंड सापडलेला नाही, कुठल्याही मृत शरीरात कालांतराने होतात ते बदल त्यातही झालेले होते, आणि चेहऱ्याला सिलिकॉनचा मुखवटा आहे. खुलासा स्वच्छ होता, वेळेवर होता आणि खुद्द धर्मपीठाकडून आला होता. तरी तो फोटो आजही 'न कुजलेला संत' म्हणून फिरतो. खुलासा मात्र शोधावा लागतो.

या विषयावर बोलताना बहुधा दोनच सूर लागतात, एक हात जोडणारा आणि दुसरा टिंगल करणारा. दोन्ही सूर देहाकडे बघतात. देहाची राखण करणाऱ्यांकडे फारसं कुणी बघत नाही. माझं म्हणणं असं की संतांच्या न कुजणाऱ्या देहांचं गूढ बरंचसं राखलेलं गूढ आहे. देहावर काय काय केलं गेलं हे कुणाला तरी ठाऊक असतं, पुष्कळदा ते सही-शिक्क्यानिशी लिहूनही ठेवलेलं असतं. फक्त ते रांगेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून मागणी साधी आहे. जिथे असा देह दर्शनाला ठेवला आहे तिथे काचपेटीशेजारी, रांगेतून वाचता येईल अशा अक्षरांत, त्या देहाची हकीकत लिहिलेली असावी. कधी पुरला, कितीदा उघडला, काय लावलं, काय कापलं, काय नव्यानं बसवलं.

नेव्हेरचं उदाहरण घेऊ. लूर्दच्या गुहेत मेरीचं दर्शन झाल्याचं सांगणारी बर्नाडेट सुबिरू १८७९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, फ्रान्समधल्या नेव्हेरच्या मठात वारली. संतपदाच्या चौकशीसाठी तिची कबर १९०९, १९१९ आणि १९२५ अशी तीनदा उघडली गेली आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांनी अहवाल लिहिले. पहिल्या अहवालातलं वर्णन कुणालाही थबकायला लावेल असं आहे. जपमाळ गंजलेली, छातीवरच्या क्रॉसवर हिरवा गंज चढलेला, कपडे ओलसर, आणि या सगळ्यात देह शाबूत, दुर्गंधीचा मागमूस नाही. पण त्याच अहवालात हेही आहे की त्वचा चामड्यासारखी कडक झाली होती आणि पोट आत ओढलं गेलं होतं. मठातल्या भगिनींनी मायेपोटी देह धुतला आणि नव्या पेटीत ठेवला. दहा वर्षांनी पेटी उघडली तेव्हा अंगावर बुरशीचे डाग आणि क्षारांचा थर होता, काही ठिकाणी त्वचा निघून गेली होती. आधीच्या धुण्याचाच हा परिणाम असावा, असं डॉक्टरांनी नोंदवलं.

१९२५ ला तर चेहरा काळपट पडलेला, डोळे आणि नाक खोल गेलेलं. लोकांना ते बघवणार नाही म्हणून चेहऱ्याचे आणि हातांचे ठसे घेतले गेले आणि पॅरिसच्या पिएर इमान्स यांच्याकडून मेणाचे पातळ मुखवटे करवून घेतले. इमान्स यांचा धंदा दुकानांच्या काचेमागे उभे राहणारे मेणाचे पुतळे घडवण्याचा. आज ज्या चेहऱ्याकडे बघून 'किती ताजा, किती शांत' असं लोक म्हणतात, तो चेहरा इमान्स यांच्या कारखान्यातून आला आहे. खालचा देह खराच आहे आणि तो बऱ्यापैकी टिकलेला आहे, हेही खरं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं, चर्चनं जपून ठेवलं, आणि ते कागद कुणालाही वाचता येतात. पण फोटोबरोबर कागद फिरत नाहीत.

असे मुखवटे आणखीही आहेत. इटलीतले संत पाद्रे पिओ १९६८ मध्ये वारले. २००८ मध्ये कबर उघडून देह दर्शनाला ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरही सिलिकॉनचा मुखवटा चढवला गेला. पोप तेविसावे जॉन १९६३ मध्ये गेले. २००१ मध्ये त्यांची पेटी हलवताना चेहरा ओळखण्याजोगा निघाला आणि चमत्काराची कुजबुज सुरू झाली. मृत्यूनंतर त्यांच्या शरीरात फॉर्मलिनचं मिश्रण टोचलं होतं आणि एकात एक अशा तीन पेट्यांत देह बंद होता. ते टोचणारे डॉक्टर जेन्नारो गोल्या तेव्हा हयात होते आणि त्यांनी ते सांगितलंही. व्हॅटिकननंही चमत्काराचा दावा केला नाही.

याहून बोलकी गोष्ट कोर्तोनाच्या मार्गारेटची. ही बाई १२९७ मध्ये वारली आणि तिचा देह टस्कनीत शतकानुशतकं न कुजलेला म्हणून पूजला गेला. इटलीतले विकृतिशास्त्रज्ञ एझिओ फुल्केरी यांनी चर्चच्याच सांगण्यावरून असे अनेक देह तपासले, त्यांत हाही होता. कपडे बाजूला केल्यावर छाती-पोटावर आणि मांड्यांवर लांबच लांब चिरा दिसल्या, दोऱ्यानं शिवलेल्या. आतले अवयव काढून, सुगंधी द्रव्यं भरून देह टिकवलेला होता. जुनी दप्तरं चाळल्यावर कळलं की गावकऱ्यांनीच तशी विनंती केली होती. म्हणजे तेराव्या शतकातल्या कोर्तोनाकरांना सगळं ठाऊक होतं. पिढ्या गेल्या, माहिती गळून पडली, देह तेवढा उरला. मग तोच देह चमत्कार झाला. माझ्या मते या सबंध विषयाची किल्ली या एका हकिकतीत आहे. लबाडी करावी लागत नाही. चारदोन पिढ्यांनी सांगायचं राहिलं की पुरतं.

आपल्या वाचकांना जास्त जवळचं उदाहरण परमहंस योगानंदांचं. ७ मार्च १९५२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये भाषण संपवता संपवता ते कोसळले. पुढचे वीस दिवस देहात विकाराचं कुठलंच दृश्य चिन्ह नव्हतं, असं तिथल्या शवागाराचे संचालक हॅरी रो यांनी पत्रात लिहून दिलं. या पत्रातले उतारे आजही भक्तिभावानं छापले जातात. पूर्ण पत्रात मात्र आणखी एक साधी ओळ आहे: ८ मार्चच्या रात्री देहाचं एम्बामिंग, म्हणजे टिकवण्यासाठी रसायन भरणं, झालं होतं, तेवढ्या आकाराच्या कुठल्याही देहाला लागतं तेवढं द्रव वापरून. रो यांनी ते लपवलं नव्हतं. तरीही हा प्रकार आपल्या अनुभवात अपूर्व असल्याचं ते म्हणाले, आणि तसं म्हणायचा त्यांना हक्क होता. शेवटी शेवटी नाकाच्या शेंड्यावर बारीकसा तपकिरी डाग दिसल्याचीही नोंद त्यांनी केली. इतक्या काटेकोर माणसाच्या पत्रातून नेमकी एम्बामिंगची ओळ उताऱ्यात येत नाही, याला योगायोग म्हणणं मला जड जातं.

पण प्रत्येक देहामागे सुई-दोरा किंवा फॉर्मलिन असतं असं मानणं हा दुसऱ्या बाजूचा आळस झाला. काहीही न करता देह टिकतात. मृत्यूनंतर पेशी स्वतःच्याच रसांनी विरघळू लागतात, मग आतड्यांतले जंतू सुटतात, आणि हवा मिळाली तर माश्या-किडे येतात. या सगळ्यांना पाणी आणि ऊब लागते. कोरडी वाहती हवा, थंडी, खारट किंवा आम्लयुक्त जमीन, प्राणवायूचा अभाव, यांतलं एखादं जुळून आलं की काम मध्येच थांबतं. ओल असूनही हवा नसेल तर शरीरातल्या चरबीचा साबणासारखा घट्ट पदार्थ बनतो आणि तो शतकभर आकार धरून ठेवू शकतो. उपासतापासानं वाळलेलं, चरबी नसलेलं म्हातारं शरीर लवकर सुकतं. आणि मठातली माणसं बहुधा तशीच असत. त्यात त्यांना पुरलं जाई ते वेदीखाली, दगडी तळघरात, उघड्या मातीत नव्हे.

आता गोव्याकडे येऊ, कारण जगातल्या सर्वांत प्रसिद्ध देहांपैकी एक तिथे आहे. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर वारले. सोबतीला असलेल्या अंतोनियो या चिनी ख्रिस्ती माणसानं शवपेटीत चुना भरायला लावला. हेतू असा की मांस लवकर झडेल आणि परतीच्या जहाजातून हाडं नेता येतील. अडीच महिन्यांनी पेटी उघडली तर देह ताजा. तिथून मलाक्का, तिथे मार्चपासून ऑगस्टपर्यंत पेटीविना जमिनीत, आणि मार्च १५५४ मध्ये गोवा. व्हाइसरॉयच्या वैद्यानं तपासून देहात काही भरलेलं नाही अशी साक्ष दिली. 'चुन्यातसुद्धा कुजला नाही' हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत या कथेचा कणा आहे.

गंमत अशी की चुन्याबद्दलची अंतोनियोची समजूतच उलटी होती. ती आपल्यापैकी अनेकांची आजही आहे. खुनाच्या कथांमध्ये प्रेत नाहीसं करायला चुना टाकतात तो उगाच नाही. युरोपातल्या संशोधकांनी अलीकडे डुकरांची मढी चुन्यात पुरून पाहिली. चुन्यातली मढी जास्त टिकली. चुना भोवतालचा ओलावा ओढून घेतो, आणि त्याच्या दाहक क्षारतेत जंतूंना पहिले काही महिने काम करता येत नाही. म्हणजे जे देहाचा नाश करील म्हणून घातलं, त्यानंच बहुधा देह राखला. मलाक्कातल्या पाच महिन्यांचं काय, असं श्रद्धाळू विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. चुन्यानं आधीच आवळलेला, सुकू लागलेला देह नव्यानं पुरल्यावर ताज्या देहासारखा वागत नाही, एवढं उत्तर देता येतं. ते शंभर टक्के पुरं पडतं असा माझा दावा नाही. पण 'अजून पूर्ण उलगडलं नाही' या वाक्यातून 'म्हणून दैवी' या वाक्यावर उडी मारायला जो पूल लागतो, तो त्या पाच महिन्यांत बांधलेला नाही.

आणि पुढं काय झालं? १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला. पुढच्या काळात दंडाचा उरलेला भाग आणि आतले अवयवही काढून ठिकठिकाणी वाटले गेले. भक्तांच्या या प्रेमापुढे जंतू परवडले, असं कुणी म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही. उरलेला देह सुकत, आक्रसत गेला. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनात, शेवटचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं, लोक पाहतात तो हा देह. गोव्याचं चर्च स्वतः त्याला 'पवित्र अवशेष' म्हणतं, अविनाशी म्हणत नाही. 'अजून नखं वाढतात' वगैरे भर बाहेरची.

काळ हा खरा परीक्षक आहे, आणि त्याला घाई नसते. इंग्लंडमधले सेंट कथबर्ट ६८७ मध्ये गेले. अकरा वर्षांनी कबर उघडली तेव्हा देह अखंड होता आणि त्या एका शोधावर त्यांचं सगळं माहात्म्य उभं राहिलं. ११०४ मध्ये डरहॅमला पुन्हा तीच ग्वाही मिळाली. १८२७ मध्ये पेटी उघडली तेव्हा आत सांगाडा होता. विन्सेंट द पॉल यांचा देह १७१२ मध्ये चांगला निघाला. पंचवीस वर्षांनी पाहिलं तर भूगर्भातल्या पाण्यानं त्याचं काम केलेलं. आज पॅरिसमध्ये दिसते ती सांगाड्यावर चढवलेली मेणाची मूर्ती.

मुळात कबरी कोणाच्या उघडतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही. संतपदाची चौकशी सुरू झाली की कबर उघडते. सामान्य माणसाची उघडायचं कारण नसतं. मग 'न कुजलेले देह संतांचेच सापडतात' हे साहजिकच आहे, कारण शोध तिथेच घेतला गेला. जिथे सामान्यांच्या कबरी सरसकट उघडल्या गेल्या तिथलं चित्र पाहा. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो शहरात १८६५ पासून दफनभूमीच्या जागेवर कर होता आणि तो न भरणाऱ्यांची प्रेतं भिंतीतल्या कोनाड्यांतून बाहेर काढली जात. पहिलंच निघालेलं प्रेत रेमिजिओ लेरॉय नावाच्या डॉक्टरचं, आणि ते सुकून टिकलेलं होतं. मागोमाग अशी शंभरावर निघाली. बायका, पुरुष, तान्ही मुलं. कोणी साधू नाही, कोणी साध्वी नाही. त्यांचं एकच वैशिष्ट्य, त्यांच्या मागे राहिलेल्यांकडे कराचे पैसे नव्हते. आज ती संग्रहालयात आहेत आणि लोक तिकीट काढून बघतात. त्यांना कुणी फुलं वाहत नाही.

या मुद्द्याची आणखी एक बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. न कुजलेला देह म्हणजे पुण्याई, हा अर्थ सगळीकडे लागत नाही. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात आणि १७३२ मध्ये मेद्वेजा गावात कबरी उकरल्या गेल्या, त्या ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांसमक्ष. मेद्वेजाच्या अहवालावर लष्करी शल्यवैद्यांच्या सह्या आहेत. देह कुजलेले नाहीत, तोंडाशी पातळ रक्त, जुनी त्वचा जाऊन नवी आल्यासारखी दिसणारी. निष्कर्ष काय निघाला? ही माणसं रात्री उठून गावकऱ्यांचं रक्त पितात. छातीत खुंटा ठोकून किंवा मुंडकं छाटून देह जाळले गेले. हा अहवाल युरोपभर वाचला गेला आणि त्यानं पिशाच्चांची साथच पसरवली. अखेर १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याला चौकशीवर नेमलं. थंडी, घट्ट माती आणि हवेचा अभाव यांनी देह टिकतात, असं त्यानं लिहिलं आणि खुंटे ठोकण्यावर बंदी आली.

त्याच सुमारास, १७३४ ते १७३८ या काळात, इटलीत प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी संतपद देण्याच्या नियमांवर आपला प्रचंड ग्रंथ लिहीत होते. न कुजलेल्या देहावर त्यांत स्वतंत्र प्रकरणं आहेत. म्हणजे डॅन्यूबच्या काठी ज्या खुणेवरून माणसाला मेल्यावर पुन्हा मारत होते, तीच खूण थोड्या अंतरावर स्वर्गाच्या दाखल्यासाठी तपासली जात होती. ग्रीसमध्ये तर एकाच धर्मसंस्थेत दोन्ही अर्थ नांदतात. तिथे काही वर्षांनी कबर उघडून हाडं धुऊन ठेवायची पद्धत आहे. देह विरघळलेला नसेल तर लोक चरकतात, शापाची किंवा बहिष्काराची खूण मानतात आणि प्रार्थना करून पुन्हा पुरतात. आणि कॉर्फू बेटावर संत स्पिरिदोन यांच्या न विरघळलेल्या देहाच्या मिरवणुका निघतात. कोण पुण्यवान आणि कोण शापित हे गावानं आधीच ठरवलेलं असतं. देह फक्त दुजोरा देतो.

जपानच्या यामागाता भागातल्या भिक्षूंनी निदान हा खेळ उघड केला. वर्षानुवर्षं धान्य सोडून झाडाची सालं, मुळं आणि बिया खायच्या, चरबी संपवायची, आणि शेवटी जमिनीखालच्या कोठडीत ध्यानस्थ मरायचं. दाइनिचिबो मंदिरात १७८३ मध्ये गेलेले शिन्न्योकाई आजही बसलेल्या स्थितीत आहेत. हे टिकणं म्हणजे साधनेचं फळ, हे तिथले लोक सांगतात. पण साधनेत आहार काय होता हेही सांगतात. ज्यांचे देह कुजले त्यांना आदरानं पुरलं गेलं आणि ते मोजणीतून गेले, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

श्रद्धाळूंची बाजू जिथे सर्वांत बळकट आहे ते प्रकरण टाळून पुढं जाणं बरं नव्हे. अमेरिकेतल्या मिझुरीमध्ये सिस्टर विल्हेल्मिना लँकास्टर २०१९ मध्ये, ९५ व्या वर्षी वारल्या. एम्बामिंग नाही, साधी लाकडी पेटी. २०२३ मध्ये मठातच हलवण्यासाठी कबर उघडली तर पेटीचं आतलं कापड कुजलेलं आणि देह व वस्त्र शाबूत. हजारोंची रीघ लागली. बिशपांनी डॉक्टरांकडून तपासणी करवली, माती तपासली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं की कुजण्याची अपेक्षित चिन्हं देहात आढळली नाहीत आणि मातीत वेगळं काही सापडलं नाही. न्यायवैद्यकातले जाणकार म्हणतात, पेटीत चार वर्षं टिकलेला देह दुर्मीळ म्हणायला आधी तुलनेला सामान्यांच्या शंभर पेट्या उघडाव्या लागतील. मलाही ते पटतं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते बिशपांच्या निवेदनातलं वेगळंच वाक्य. देह न कुजणं ठरवण्याची चर्चकडे अधिकृत पद्धत नाही आणि ती संतपदाची खूण मानली जात नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. लाम्बेर्तिनींनी, पुढे जे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले, वर्षानुवर्षं कुठल्याही उपचाराविना जिवंत माणसासारखा मऊपणा आणि रंग राहिला तरच विचार करावा अशी अट घातली होती. ती अट लागू केली तर बहुतेक प्रसिद्ध देह पार होणार नाहीत. आज संतपदासाठी हा चमत्कार मोजतही नाहीत. थोडक्यात, धर्मपीठ दर्शनाच्या रांगेपेक्षा जास्त संशयी आहे. मग ते रांगेला सांगत का नाही?

टिंगलखोरांनाही एक गोष्ट सुनवायला हवी. १९१८ ते १९२० दरम्यान बोल्शेविकांनी रशियातल्या संतांची साठहून अधिक थडगी जाहीरपणे उघडली. कापूस, हाडं, चिंध्या निघाल्या. चित्रीकरण करून ते गावोगाव दाखवलं. पुष्कळ भाविकांनी ते पाहून खांदे उडवले, कारण त्यांच्या लेखी संत हाडांतही होताच. आणि मग जानेवारी १९२४ मध्ये लेनिन गेले. त्याच सत्तेनं शास्त्रज्ञांना बसवून देह टिकवायला लावला, लाल चौकात काचेखाली ठेवला आणि रांगा लावल्या. तो अजून तिथे आहे, ठरावीक मुदतीनं रसायनांत बुडवला जातो. संतांच्या देहांवर हसणाऱ्यांनी या रांगेकडेही तेवढ्याच मोकळेपणी बघावं.

पाटीची मागणी करताना मला तिची हद्दही आखून घ्यायची आहे. ज्यांनी देह दाखवायला ठेवलाच नाही त्यांना मी काही विचारत नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली, आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचं स्वप्न पडून एकनाथ तिथे गेले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती समाधी कुणी उकरून पाहिलेली नाही, देह कुणी काचेत मांडलेला नाही आणि त्यावर कुणाचं संतपद अडलेलं नाही. एकनाथांनी हाती घेतलेलं काम होतं ते ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचं, आणि ते शके १५०६ मध्ये पुरं झालं. श्रीरंगमला रामानुजाचार्यांचा मूळ देहच गाभाऱ्यात आहे अशी श्रद्धा आहे, आणि तिथे वर्षातून दोनदा कापूर-केशराचा लेप देतात हे कुणी झाकून ठेवत नाही. लेप उघड सांगितल्यानं कुणाची भक्ती आटल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून 'श्रद्धा दुखावेल' हा आक्षेप मला पोकळ वाटतो. गोव्यातलं १७८२ चं पहिलं जाहीर शवप्रदर्शन कशासाठी होतं ते आठवा. पोर्तुगालनं १७५९ मध्ये जेझुइटांना, म्हणजे झेवियरांच्याच ख्रिस्ती संघाला, हाकलल्यावर, जाताना त्यांनी झेवियरांचा देह पळवला आणि पेटीत दुसराच ठेवला अशी वदंता उठली होती. ती मोडायला पेटी लोकांसमोर उघडली. म्हणजे ज्या सोहळ्याकडे आपण निव्वळ भक्तीचा म्हणून बघतो, तो जन्मला पुरावा दाखवण्याच्या गरजेतून. तिथल्या पाटीवर शांगच्वानचा चुना, मलाक्काची कबर, १६१४ चा हात आणि १७८२ ची वदंता एवढं लिहिलं तर दर्शन घेणाऱ्याच्या हाती जास्तच काही लागेल. नेव्हेरला इमान्स यांचं नाव लिहावं, असिसीला सिलिकॉनचा उल्लेख काचेवरच यावा.

आणि जिथे पाटीनं भागत नाही तिथे कायद्यानं यावं. पंजाबात नूरमहलच्या दिव्य ज्योती जागृती संस्थानचे आशुतोष महाराज यांना २९ जानेवारी २०१४ रोजी डॉक्टरांनी मृत घोषित केलं. ते समाधीत आहेत, परततील, असं शिष्य म्हणाले आणि देह फ्रीझरमध्ये ठेवला गेला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी त्या वर्षअखेरीस पंधरा दिवसांत अंत्यसंस्कार करा म्हटलं. २०१७ मध्ये खंडपीठानं देह राखायची मुभा दिली. शून्याखालच्या तापमानात देह टिकला यात गूढ काही नाही. मुभा देणं वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मृतदेहाचं काय करायचं यावर अनुयायांचा काही हक्क असू शकतो. पण हयात समजल्या जाणाऱ्या गुरूच्या नावावर देणग्या येतात, मालमत्ता सांभाळली जाते, निर्णय घेतले जातात. तेव्हा अशी मुभा देताना न्यायालयानं सोबत दोन गोष्टी मागाव्यात: मृत्यूचा दाखला आणि देहाच्या जपणुकीचा तपशील, दोन्ही संस्थेच्या दारावर आणि तिच्या प्रत्येक पावतीवर छापलेले.